तीस मैलांचं वर्तुळ: मुंबईच्या पहिल्या रेडिओ कंपनीचं प्रकरण

दरवर्षी २३ जुलैला आपल्याकडे राष्ट्रीय प्रसारण दिन साजरा होतो. आकाशवाणीच्या केंद्रांवर कार्यक्रम होतात, जुन्या निवेदकांच्या मुलाखती होतात. ही तारीख मात्र मुळात आकाशवाणीची नाही. २३ जुलै १९२७ रोजी, शनिवारी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईत ज्या केंद्राचं उद्घाटन केलं, ते एका खासगी कंपनीचं होतं. तिचं नाव इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत, १ मार्च १९३० रोजी, ती अवसायनात निघाली, म्हणजे देणी भागवून गुंडाळायची वेळ आली.

या कंपनीबद्दल सहसा एकच वाक्य लिहिलेलं सापडतं: श्रोते कमी पडले आणि पैसा संपला. वाक्य खोटं नाही, पण त्यातून काहीच उलगडत नाही. श्रोते का कमी पडले? जे होते त्यांच्याकडून पैसा का आला नाही? आणि त्याच श्रोत्यांच्या बळावर पुढे सरकारला रेडिओ कसा चालवता आला? उपलब्ध आकडे नीट मांडले, की माझ्या मते एक गोष्ट ठळक दिसते. आवाज पोचवायची जबाबदारी कंपनीवर होती, पण त्या आवाजाचे पैसे गोळा करायची सत्ता तिच्या हातात नव्हती. पुढचं बहुतेक सगळं या एका गोष्टीतून घडत गेलं.

आधीची हौस

मुंबईला बिनतारी आवाजाचं वेड कंपनीच्या आधीच लागलं होतं. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने डाक-तार खात्याच्या मदतीने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला. फर्माईश होती गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची, आणि त्यांनी तो पुण्यात बसून ऐकला. १९२३ च्या जूनमध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने कार्यक्रम सुरू केले. कलकत्त्यालाही त्याच वर्षी क्लबने प्रक्षेपण केलं, आणि मद्रासच्या क्लबने १९२४ मध्ये. हे सगळं वर्गणीवर आणि उत्साहावर चालायचं. ट्रान्समीटर लहान, वेळ थोडा, ऐकणारे बरेचसे क्लबचेच सभासद.

अशी हौस एका मर्यादेपलीकडे जात नाही. रोज कार्यक्रम द्यायचे तर कलाकारांना मानधन लागतं, अभियंते लागतात, वीज लागते, जागा लागते. म्हणून १९२६ मध्ये सरकारने एका कंपनीशी करार केला, आणि त्यातून इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी पुढे आली. नमुना ब्रिटनचा होता. तिथे १९२२ साली रेडिओ संच बनवणाऱ्या कारखानदारांनी एकत्र येऊन ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली होती. श्रोत्याने परवाना घ्यायचा, त्या फीचा हिस्सा कंपनीला, शिवाय विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचामागे काही रक्कम, अशी तिची रचना होती.

गंमत नव्हे, दुर्दैव म्हणायला हवं: भारताने हा नमुना उचलला तोवर ब्रिटनने तो टाकून दिला होता. १ जानेवारी १९२७ पासून तिथली कंपनी बरखास्त होऊन सार्वजनिक महामंडळ झाली. आणि टाकून दिला तेव्हाही तिथे वीस लाखांवर परवाने होते. इथे सुरुवातीला देशभरात मिळून हजारसुद्धा नव्हते.

केंद्र कसं होतं

मुंबईचा स्टुडिओ अपोलो बंदरला ‘रेडिओ हाउस’मध्ये होता आणि ट्रान्समीटर वरळीला. ताकद दीड किलोवॅट, लहर ३५७.१ मीटर, म्हणजे आज आपण ज्याला मीडियम वेव्ह किंवा एएम म्हणतो तीच. कलकत्त्याचं केंद्र महिन्याभरात, २६ ऑगस्ट १९२७ ला सुरू झालं, तेही दीड किलोवॅटचं. महाव्यवस्थापक म्हणून एरिक डन्स्टन आले. ते बीबीसीत निवेदक होते. कार्यक्रमपत्रिका छापण्यासाठी उद्घाटनाच्या आठ दिवस आधी, १५ जुलैला, ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे पाक्षिक निघालं. तेही इंग्रजीतून.

दीड किलोवॅट म्हणजे किती, हे समजून घ्यायला हवं, कारण प्रकरणाचा अर्धा उलगडा तिथेच होतो. त्याच काळात ब्रिटनमधलं डॅव्हेंट्रीचं केंद्र २५ किलोवॅटवर चालत होतं. मुंबईच्या केंद्राचा भरवशाचा पल्ला साधारण तीस मैल, म्हणजे ४८ किलोमीटर धरला जाई. नकाशावर वरळीला कंपासचं टोक ठेवून तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढून पाहा. पश्चिमेकडचा जवळजवळ अर्धा भाग समुद्रात जातो. उरलेल्यात मुंबई, साष्टी, ठाणे, कल्याण, पनवेल, उरण आणि अलिबागचा पट्टा. पुणे बाहेर, नाशिक बाहेर, सुरत बाहेर. रात्री मीडियम वेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून लांबवर पडतात, त्यामुळे पुण्या-नाशकातल्या एखाद्या चांगल्या संचावर मुंबई लागायची. पण आवाज मध्येच भरून यायचा, मध्येच विरायचा. आणि वैशाख-ज्येष्ठात, वळवाच्या दिवसांत, दूरच्या विजांची खरखर गाण्यावर चढायची. अशा आवाजासाठी कुणी वर्षाचे पैसे भरत नाही.

आयर्विन यांनी उद्घाटनाच्या भाषणात भारतातली अंतरं, पसरलेला मुलूख आणि दिवसभराचं काम आटोपून बसलेले दूरच्या खेड्यांतले लोक, यांचा उल्लेख केला होता. त्या दिवशी सुरू झालेल्या यंत्राचा आवाज कर्जतपर्यंतही धड पोचत नव्हता.

ऐकणारा कोण

त्या वर्तुळाच्या आत ऐकायची दोन साधनं होती.

एक क्रिस्टल सेट. एका लाकडी पाटीवर तांब्याच्या तारेचं वेटोळं, एका चिमटीत बसवलेला शिशाच्या खनिजाचा चकाकता खडा आणि त्यावर टेकणारी सुईसारखी बारीक तार. गच्चीवर किंवा गॅलरीबाहेर लांब एरियल ताणायची, दुसरी तार नळाला बांधून जमिनीशी जोडायची. मग हेडफोन कानाला लावून, ती बारीक तार खड्याच्या पृष्ठभागावर केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहायचं. एखाद्या बिंदूवर अचानक आवाज लागे. कुणी दार आपटलं की तो बिंदू सुटे आणि शोध पुन्हा पहिल्यापासून. याला बॅटरी लागत नसे, वीज लागत नसे, लहरीतली ऊर्जाच कानापर्यंत येई. म्हणूनच तो केंद्राच्या जवळ चाले, लांब नाही. आणि एका वेळी एकालाच ऐकू येई. हेडफोनची जोडी सोडवून एकेक कर्णा दोघांनी धरला तर दोघांना.

दुसरा व्हॉल्व्हचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांचा संच. त्यावर खोलीभर ऐकू जाईल असा कर्णा लावता यायचा, पण किंमत काही शे रुपयांत. शिवाय व्हॉल्व्ह तापवायला ॲसिडची बॅटरी, तिचं वारंवार चार्जिंग, आणि जास्त विद्युतदाबासाठी कोरड्या बॅटऱ्यांचा जुडगा. हा खर्च बंगलेवाल्याला परवडे.

यावर परवाना वर्षाला दहा रुपये. त्या वेळच्या दराने रुपया म्हणजे दीड शिलिंग, म्हणजे दहा रुपयांचे पंधरा शिलिंग झाले. ब्रिटनमधला परवाना दहा शिलिंगांचा होता. इथला श्रोता तिथल्या श्रोत्यापेक्षा कितीतरी गरीब, आणि फी दीडपट. संच परदेशातून आलेला, म्हणून तोही महाग.

ट्रान्समीटर वरळीला होता हे मघाशी सांगितलं. त्याच वरळीत नुकत्याच बीडीडी चाळी उठल्या होत्या आणि आसपास गिरणगाव पसरलेलं होतं. शहरातला सगळ्यांत खणखणीत आवाज या वस्तीच्या डोक्यावरून जात होता. पण दहा रुपये म्हणजे गिरणीकामगाराची कित्येक दिवसांची मजुरी. त्यात १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, तो एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला आणि दीड लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. कंपनीच्या अवघ्या अडीच-पावणेतीन वर्षांच्या आयुष्यातलं हे एक अख्खं अर्धवर्ष.

१९२१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात होती. तीस मैलांच्या आत एवढं मोठं, इतकं दाट, गाण्याचं आणि नाटकाचं वेड असलेलं शहर असताना ऐकणाऱ्यांचा तुटवडा पडावा, हे मला सगळ्यांत जास्त खुपतं. ठाकूरद्वार-गिरगावातल्या माणसाला गाणं ऐकायची आवड नव्हती असं कुणी म्हणणार नाही. कानापर्यंत पोचायचा रस्ता त्याच्या खिशाबाहेरचा होता.

हिशेब

आता आकड्यांकडे वळू. हा भाग मी सावकाश मांडतो, कारण निकाल इथेच लागतो.

कंपनीचं अधिकृत भांडवल १५ लाख रुपये. प्रत्यक्षात जमले ६ लाख. त्यातले साडेचार लाख मुंबई आणि कलकत्ता इथली केंद्रं उभारण्यात गेले. हातात उरले दीड लाख. सुरुवातीचा दोन्ही केंद्रांचा मिळून चालू खर्च महिन्याला सुमारे ३३ हजार रुपये होता. म्हणजे एक पैसाही आला नाही असं धरलं, तर कंपनी साडेचार महिने तग धरू शकत होती. दुकान उघडून गिऱ्हाइकाची वाट बघायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

उत्पन्नाच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली परवान्याची. डाक-तार खातं दहा रुपये घेई आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे आठ रुपये, कंपनीला देई. दुसरी आयात मालावरची. रेडिओचं जे सामान बाहेरून येई, त्याच्या बिलाच्या किमतीवर १० टक्के व्यापाऱ्यांनी कंपनीला द्यायचे.

परवान्यांचे वर्षअखेरचे आकडे असे: १९२७ साली ३,५९४, १९२८ साली ६,१५२, १९२९ साली ७,७७५. हे सगळ्या भारताचे आकडे आहेत, एकट्या मुंबईचे नव्हेत. पहिल्या पाच महिन्यांत हजाराच्या आतून साडेतीन हजारांवर उडी, ही वाईट सुरुवात नक्कीच नव्हती. पुढच्या वर्षी अडीच हजारांची भर पडली, त्याच्या पुढच्या वर्षी सोळाशेची. ज्यांना परवडत होतं त्यांनी घेऊन झालं होतं.

खर्च कापून कापून महिन्याला २४ हजारांवर आणला गेला. वर्षाचे झाले २ लाख ८८ हजार. आता १९२९ चे ७,७७५ परवाने धरा, प्रत्येकी आठ रुपये: ६२,२०० रुपये. खर्चाच्या पावपटही नाही. नुसत्या परवान्यांवर खर्च भागवायचा तर ३६ हजार परवाने लागले असते.

उरलेले सव्वादोन लाख आयात मालाच्या दहा टक्क्यांतून यायला हवे होते. म्हणजे वर्षाला साडेबावीस लाखांचा माल यायला हवा. समजा १९२९ मध्ये वाढलेल्या प्रत्येक परवान्यामागे पाचशे रुपयांचा एक नवा संच आयात झाला, आणि प्रत्येक व्यापाऱ्याने इमानेइतबारे दहा टक्के भरले. तरी हाती येतात ८१ हजार. दोन्ही वाटा मिळून एक लाख त्रेचाळीस हजार, म्हणजे खर्चाच्या निम्मेच. आणि मी इथे धरलेली प्रत्येक गोष्ट कंपनीच्या बाजूने झुकवून धरली आहे. क्रिस्टल सेट पाचशेला येत नव्हता, आणि व्यापारी इमानेइतबारे भरतही नव्हते.

वसुली कुणाच्या हातात

तो दहा टक्क्यांचा हिस्सा कंपनीला व्यापाऱ्यांकडून मिळवायचा होता. बंदरात माल उतरला की जकात घेणारे सरकारी, आणि हा हिस्सा मागणारी कंपनी खासगी. व्यापारी टाळाटाळ करत. सुटे भाग आणून इथे जोडले तर ते ‘रेडिओचं सामान’ कुठवर, यावर वाद घालायला भरपूर वाव होता. कंपनीच्या हातात मागण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

परवान्याचंही तसंच. गच्चीवरची एरियलची तार दिसायची, पण खोलीत संच आहे म्हणून घरमालकावर खटला भरणं १८८५ च्या तार कायद्याखाली जिकिरीचं होतं. बिनपरवाना ऐकणारे किती, हे मोजायची सोय नव्हती. नुसता संच बाळगणं हाच गुन्हा ठरवणारा बिनतारी कायदा १९३३ मध्ये झाला, कंपनी संपल्यानंतर तीन वर्षांनी.

कंपनीने सरकारकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. सरकारची भूमिका अशी दिसते की हा खासगी धंदा आहे, त्याने आपल्या पायावर उभं राहावं. पण याच सरकारने फी किती ते ठरवलं होतं, त्यातला पाचवा हिस्सा स्वतःकडे ठेवला होता, आयात मालावर स्वतःची जकात घेतली होती, आणि काय प्रक्षेपित करावं यावरही स्वतःचं नियंत्रण ठेवलं होतं. धंद्याच्या नाड्या आपल्या मुठीत ठेवून नफा-तोट्याची जबाबदारी तेवढी कंपनीवर टाकायची, हा व्यवहार सरळ नव्हता, असं मी स्पष्टपणे म्हणेन.

कंपनीचंही चुकलंच. सहा लाखांत दोन महानगरांत दोन केंद्रं उभारणं म्हणजे दोन्हीकडे अपुरं पडणं. तेवढ्या पैशात एकाच शहरात अधिक ताकदीचं केंद्र बसवून पल्ला पुण्यापर्यंत नेता आला असता का, याचा विचार व्हायला हवा होता असं मला वाटतं. स्वस्तातला संच भाड्याने किंवा हप्त्याने देण्याची योजनाही या धंद्याला आवश्यक होती. ब्रिटनमध्ये कंपनीचे मालक स्वतःच संच विकत होते, म्हणून कार्यक्रमांवर झालेला तोटा त्यांना विक्रीतून भरून काढता येत होता. इथे संच बनवणारा कुणी नव्हताच. नमुना आणला, पण ज्या चाकावर तो चालत होता ते चाक तिकडेच राहिलं.

आणि चाळीतल्या माणसापर्यंत पोचायची दुसरी वाट त्याच वेळी मद्रासने शोधली. तिथल्या रेडिओ क्लबने ऑक्टोबर १९२७ मध्ये पैशांअभावी प्रक्षेपण थांबवलं आणि ट्रान्समीटर महापालिकेला देऊन टाकला. महापालिकेने १ एप्रिल १९३० पासून तो चालवला. रोज संध्याकाळी साधारण दोन तास कार्यक्रम, आणि ऐकण्यासाठी उद्यानांत, समुद्रकिनाऱ्यावर लाउडस्पीकर. घरी संच असायची गरज नाही, परवान्याची गरज नाही. ती सेवा १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओचं मद्रास केंद्र सुरू होईपर्यंत टिकली. चौपाटीवर, शिवाजी पार्कवर किंवा नरे पार्कात असे कर्णे लागले असते तर मुंबईच्या केंद्राला श्रोते कमी पडले नसते. अर्थात त्याचा खर्च पालिकेने उचलावा लागला असता, आणि मुंबईत तसं घडलं नाही.

शेवटचे महिने आणि नंतर

१ मार्च १९३० ला कंपनी अवसायनात गेली. ज्यांच्या गोदामांत संच पडून होते ते व्यापारी आता हवालदिल झाले. केंद्रच बंद पडलं तर संच घेणार कोण? हिस्सा भरायला टाळाटाळ करणाऱ्या धंद्याला केंद्राची किंमत तेव्हा कळली. श्रोत्यांनी आणि व्यापाऱ्यांनी सरकारकडे धाव घेतली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने दोन्ही केंद्रं आपल्याकडे घेतली. उद्योग आणि श्रम खात्याखाली ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ या नावाने, दोन वर्षांच्या प्रयोगासाठी.

सरकारलाही तोच हिशेब लागू होता. १९३० च्या अखेरीस परवाने ७,७१९ झाले, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षाही कमी. जागतिक मंदी आली होती, सगळ्याच खात्यांत काटकसर चालू होती. ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारने सेवा बंद करायचं ठरवलं. ओरड झाली, त्यात बंगालचा आवाज मोठा होता. नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला गेला आणि मे १९३२ मध्ये सेवा चालूच ठेवायचं नक्की झालं.

मग सरकारने जे केलं ते कंपनीला कधीच करता आलं नसतं. रेडिओ संचांवरची आयात जकात २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. उत्पन्नाची वाट तीच, आयात माल. फरक एवढाच की आता पैसे मागायला व्यापाऱ्याच्या दारात जायचं नव्हतं. गोदीत माल सोडवतानाच ते भरावे लागत. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीची एम्पायर सर्व्हिस लघुलहरींवर सुरू झाली आणि भारतातल्या युरोपियनांनी नवे संच घ्यायला सुरुवात केली. जकात दुप्पट असूनही खप वाढला. १९३३ चा कायदा १९३४ च्या आरंभी लागू झाला तसे चोरून ऐकणारेही परवान्याच्या रांगेत आले. वर्षअखेरचे परवाने १९३२ साली ८,५५७, १९३३ साली १०,८७२, १९३४ साली १६,१७९, १९३५ साली २४,८३९.

जून १९३६ मध्ये सेवेचं नाव बदलून ऑल इंडिया रेडिओ झालं. ज्या ३६ हजार परवान्यांवर कंपनीचा काटकसरीचा खर्च भागला असता, तो आकडा देशाने त्याच वर्षाच्या अखेरीस ओलांडला. कंपनी गुंडाळून तेव्हा पावणेसात वर्षं झाली होती.